आधी शुद्धलेखन की आधी गोष्ट? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं म्हणून वेगळंच लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की लहान मुलांना मनातलं काहीही लिहू द्या, सुरुवातीला लाल पेन बाजूला ठेवा. त्यावर सरांचं म्हणणं असं की हे फॅड आहे, चौथीच्या पोराला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि त्याला गोष्टी कसल्या लिहायला सांगता, आधी शुद्ध लिहायला शिकवा. शिवाय लेखनाची आवड एकतर उपजत असते, नाहीतर पुण्यातल्या पुस्तकांनी भरलेल्या घरांत लागते.

घराचं आधी सांगते कारण ते मला लागलं. पुणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पेठा येतात, पण आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. घरात पुस्तकं म्हणजे शाळेची, देव्हाऱ्याजवळची पोथी, आणि भिंतीवरचं कालनिर्णय, ज्याची मागची पानं मी महिना उलटायच्या आधीच वाचून संपवायचे. शाळेत किशोरचे अंक यायचे (बालभारती १९७१ पासून काढतंय हे मासिक, जुने अंक आता नेटवर फुकट वाचता येतात, जरूर बघा), पण ते वर्गात फिरत फिरत माझ्यापर्यंत येईतो कव्हर गेलेलं असायचं.

मग आवड लागली कुठून? वार्षिक परीक्षा संपली की आई जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, एकावर एक ठेवून दाभणानं भोकं पाडायची आणि जाड दोऱ्यानं शिवून रफ वही करायची. काही पानं एकरेघी, काही दुरेघी, मध्येच चौकटीची गणिताची. ती वही कोणी तपासायचं नाही. त्या वहीत मी लोणावळा लोकलची एक गोष्ट लिहायला घेतली, त्यात एक बकरी कासारवाडीला विनातिकीट चढते आणि दापोडीला टीसी येतो. शेजारच्या काकू भाजी निवडत बसलेल्या, त्यांना एवढंच वाचून दाखवलं. त्यांनी हातातली मेथी तशीच धरून विचारलं, "मग? टीसीनं काय केलं गं?" मला माहीतच नव्हतं टीसीनं काय केलं! रात्री ते लिहून काढलं, दुसऱ्या दिवशी वाचलं, की पुन्हा "मग?". सर, माझं लेखन तिथून सुरू झालंय. कोणीतरी पुढचं ऐकायला थांबलंय हे एकदा मुलाला कळलं ना की त्याला लिही म्हणून सांगावं लागत नाही.

आणि त्याच वर्षी शाळेत काय चाललं होतं तेही सांगते. निबंधाला विषय होता पावसाळ्यातील एक दिवस. अख्ख्या वर्गानं गाइडमधला बळीराजा आनंदवला, मोर नाचवला, धरणीमातेला हिरवा शालू नेसवला. वर्गात शेत कोणाचंच नव्हतं आणि मोर कोणी पाहिला नव्हता. मी लिहिलं की आमच्या घरात पाणी शिरलं आणि आईनं कणकेचा डबा टेबलावर ठेवला, मग पुस्तकं, मग मला. खाली लाल शेरा, "विषयांतर". मोरवाल्यांना चांगले मार्क. सर, त्या मोराच्या निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती हो, आणि एकही वाक्य त्या मुलांचं नव्हतं.

शुद्धलेखन नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ते आधी, हा क्रम मला मान्य नाही. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते नियम साहित्य महामंडळानं केले आणि शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यात आणखी भर पडली. त्याआधीची जुनी पुस्तकं उघडा, तें, केलें, नाहीं असे अनुस्वार पानभर सापडतील. म्हणजे वाचणाऱ्याची सोय व्हावी म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेली ही गोष्ट आहे, मग ज्या मुलाला वाचणारा कोणी भेटलेलाच नाही त्याला त्या सोयीचं महत्त्व कसं पटणार? आणि बहिणाबाईंना तर अक्षरओळखच नव्हती, त्या म्हणायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव लिहून घ्यायचे म्हणून १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली. रचना होतीच, ती लिहून घ्यावी असं वाटणारं माणूस घरात होतं. उपजत म्हणून आपण सोडून देतो त्यातल्या कितीतरी पोरांना असं कोणी मिळालेलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता मी काही मुलांबरोबर शनिवारी बसते तिथलं एक सांगते. पाचवीतल्या एका मुलानं वडिलांच्या पंक्चरच्या दुकानावर पानभर लिहिलं, पाण्याच्या टबात ट्यूब दाबल्यावर बुडबुडे कुठून येतात ते कसं शोधायचं, खडूनं खूण कशी करायची, सगळं अगदी बारकाईनं, पण पूर्णविराम एकही नाही. मी काही बोलले नाही. आमच्याकडे एकाचं दुसऱ्यानं वाचायचं असतं, तर एक मुलगी ते मोठ्यानं वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीला तिचा दम संपला. "अरे थांबायचं कुठे?" म्हणाली. त्यानं वही ओढून घेतली, पेन्सिल घेतली, आणि ओठांतल्या ओठांत म्हणत म्हणत स्वतःच पूर्णविराम देत गेला. दोन ठिकाणी चुकीचे दिले, ते तिनं सांगितले.

सर, इतकी वर्षं तुम्ही मराठी शिकवलंय, तुम्हाला जे येतं ते मला येत नाही आणि या मुलांना ते हवंच आहे. म्हणून विनंती करते, एखाद्या शनिवारी या. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, काय शिकवायचं ते शिकवा, फळा-खडूची सोय मी करते. फक्त पहिला अर्धा तास त्यांनी लिहिलेलं ऐका आणि पुढे काय झालं ते विचारा, चुका त्यानंतर. पंक्चरवाल्यानं दुसरा भाग लिहायला घेतलाय, तो ऐकायला तरी याच.