मेंदूज्वराच्या बिलाबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तापाच्या पेशंटचं पाठीतलं पाणी दोनदा काढलं, सीटी झालेला असताना एमआरआय केला, रिपोर्ट यायच्या आत महागडी इंजेक्शनं चालू केली आणि 126 कुप्या बिलात लावल्या, असं आपण लिहिलंय. पेशंटचे कागद इथे उघड करणार नाही. हा उपचार कसा चालतो, तेवढं सांगतो.

ताप, झटके आणि असंबद्ध बडबड एकत्र दिसली की हर्पिस या विषाणूचा मेंदूज्वर धरून असायक्लोव्हिर हे त्यावरचं इंजेक्शन लगेच चालू करावंच लागतं. पीसीआरच्या, म्हणजे पाठीतल्या पाण्यात विषाणू शोधणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबलं तर मेंदूचं जे नुकसान होतं, ते पुढे भरून येईलच असं नाही. डोस किलोमागे 10 मिलीग्रॅम, दर आठ तासांनी, 14 ते 21 दिवस. 60 किलोच्या माणसाला एका वेळी 600 मिलीग्रॅम, म्हणजे 500 ची एक आणि 250 ची एक कुपी फोडायची. दिवसाला सहा, 21 दिवसांत 126. फोडलेल्या कुपीतलं उरलेलं औषध पुढच्या डोसला आम्ही वापरत नाही. त्यात जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. प्रत्येक डोस 100 मिली सलाईनमधून तासभर सावकाश द्यायचा. घाई केली किंवा अंगात पाणी कमी असलं तर औषधाचे स्फटिक किडनीत अडकतात, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा बघतो. गोळ्यांवर हे काम भागत नाही, मेंदूपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही.

सीटी करतात तो पाठीतलं पाणी काढण्याआधी. शुद्ध हरपत असताना मेंदूतला दाब न बघता सुई घालणं जिवावर बेतू शकतं. हर्पिसच्या खुणा मात्र सुरुवातीला एमआरआयमध्येच नीट दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर निगेटिव्हही येतो. संशय दाट असेल तर पाणी पुन्हा काढावं लागतं.

खर्च घर हलवणारा आहे, हे मान्यच. पेशंट स्थिर झाल्यावर उरलेला कोर्स सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात पुरा करायचा असेल तर नातेवाइकांनी मोकळेपणानं सांगावं. डोसांची तारीखवार यादी, एमआरआयची सीडी आणि पाण्याचे रिपोर्ट सोबत देतो. मेंदूज्वर टीबीचा निघाला तर महिनोन्‌महिने चालणारी औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात.

आपण बिल घेऊन काउंटरवर या. नर्सिंग चार्टवर प्रत्येक डोसची वेळ आणि सही असते, ती कुप्यांशी ताडून बघा. चार्टवर नसलेल्या डोसाचे पैसे त्याच दिवशी परत करू.

संचालक, सांगली