घरबसल्या वादळतज्ज्ञ कसं व्हावं?

अरबी समुद्रात ढगांचा जरा मोठा पुंजका दिसला की कामाला लागा. हवामान खातं अजून 'कमी दाबाचं क्षेत्र' एवढंच म्हणत असेल. म्हणू दे. आपण थेट 'महाचक्रीवादळ' लिहायचं, पुढे तीन उद्गारचिन्हं.

मग वाऱ्याचं रंगीत ॲप उघडा. त्यात उंची बदलायची एक पट्टी असते, तिला चुकूनही हात लावू नका. दीड किलोमीटरवरून ती सरकवत बारा किलोमीटरवर नेलीत तर खाली वारे एका दिशेला आणि वर भलत्याच दिशेला पळताना दिसतील. हा फरक मोठा असला की वादळाचा माथा एकीकडे वाहून जातो, बूड उघडं पडतं आणि बिचारं उभंच राहत नाही. तुमची पोस्टही नाही.

एखादा आगाऊ भाचा विचारेल, "मामा, जुलैत समुद्र तापलेला, ढग रग्गड, तरी आपल्याकडची मोठी चक्रीवादळं मे-जूनमध्ये नाहीतर दिवाळीच्या आगेमागेच का येतात?" खरं उत्तर असं, की भर पावसाळ्यात खाली नैऋत्येचे जोरदार वारे असतात आणि वर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा झोत सुसाट असतो. या ओढाताणीत वादळाला बाळसंच धरता येत नाही. हवामानशास्त्रज्ञ कोटेश्वरम यांनी या वरच्या झोतावर 1950 च्या दशकातच लिहून ठेवलंय. पण भाच्याला हे सांगू नका, पुढचा प्रश्न येतो. 'निसर्गाचा कोप' म्हणा आणि चहा मागवा.

उपग्रहाच्या चित्रात खालचे ढग घड्याळाच्या उलट आणि वरच्या ढगांच्या शेपट्या बाहेर पडताना सुलट वळलेल्या दिसल्या, तर 'फोटो बनावट' असा शेरा मारून मोकळे व्हा. वादळ जोर धरतं ते वरून हवा अशी बाहेर फेकली गेली म्हणूनच. पण एवढं लिहिलं तर फॉरवर्ड कोण करणार?

वादळ कुठे जाणार, हेही बरंचसं वरचे वारेच ठरवतात. तुम्ही मात्र बिनधास्त मुंबई बुडवा. 3 जून 2020 ला 'निसर्ग' दक्षिणेला रायगडात शिरलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ग्रुपवर तोवर मरीन ड्राइव्हच्या लाटांचे जुने व्हिडिओ फिरत होते. तो मेसेज जपून ठेवा, पुढच्या वेळी फक्त वादळाचं नाव बदलायचंय.