केमिकल अपघातात नर्स काय करणार? बरंच काही, पण शिकवलं तरच

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की केमिकल अपघाताचे पेशंट घटनास्थळीच धुऊन आणतात, गॅस कोणता ते कळेपर्यंत कुणालाच काही करता येत नाही, आणि ट्रायाज (कोणत्या पेशंटकडे आधी बघायचं ते ठरवणं) तर नर्सेसना आधीच येतं, मग वेगळं ट्रेनिंग कशाला, उगाच खर्च. वाचून रागच आला, कारण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ते धुऊन आणण्याचं बघू. ज्याला पळता येतं तो ॲम्ब्युलन्सची वाट बघत थांबत नाही, मिळेल त्या गाडीत बसून जवळचं हॉस्पिटल गाठतो, अंगावर तेच कपडे घेऊन. टोकियोच्या मेट्रोत 20 मार्च 1995 ला सरीन हा विषारी वायू सोडला गेला (तो अपघात नव्हता, हल्ला होता, पण हॉस्पिटलच्या दारात चित्र तेच दिसतं) तेव्हा सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये एका दिवसात 640 पेशंट आले, बरेचसे स्वतःच्या पायांनी किंवा टॅक्सीने. डिकॉन्टॅमिनेशन (कपडे उतरवून अंगावरचं केमिकल धुणं) न झालेल्या त्या पेशंटच्या कपड्यांमुळे स्टाफपैकी जवळपास 23 टक्के लोकांना त्रास झाला. म्हणजे दारातल्या सिस्टरला 'आत घेण्याआधी कपडे उतरवा' हे ठामपणे सांगता आलं पाहिजे, आणि साधा सर्जिकल मास्क किंवा एन-95 गॅस अडवत नाही हे तिला त्या दिवशी नाही, आधीच माहीत पाहिजे.

गॅसचं नाव कळल्याशिवाय काही होत नाही म्हणे! टोकियोत त्याच दिवशी सुरुवातीला ॲसिटोनायट्राइल हे वेगळंच केमिकल असल्याचं सांगितलं गेलं होतं आणि ते चुकीचं निघालं. पेशंटची लक्षणं मात्र खरं सांगत होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घुरघुर, स्नायू फडफडणं, एवढं एकत्र दिसलं की ऑर्गॅनोफॉस्फेटसारखं विष (सरीन आणि काही कीटकनाशकं याच गटातली) धरून चालायचं आणि डॉक्टरांना ॲट्रोपिनसाठी, म्हणजे त्यावरच्या उताऱ्यासाठी, हाक मारायची. नावाचा शोध चालू राहू दे की, पण तोवर श्वास थांबलेला माणूस थांबू शकत नाही.

आता 'ट्रायाज आधीच येतं'. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. ट्रायाजच्या नेहमीच्या स्टार्ट पद्धतीत जो चालतो त्याला हिरवा टॅग (थांबू शकतो), श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला तर लाल (लगेच उपचार), रस्ते अपघातात हे चांगलं चालतं. पण फॉस्जीन हा विषारी वायू श्वासात गेलेला माणूस चालत येतो, घशात थोडी खवखव म्हणतो, तुम्ही हिरवा टॅग लावून घरी पाठवता आणि काही तासांनी, कधीकधी 24 तासांनीसुद्धा, त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सौम्य असेल तर हातावर लागूनही दुखणं तासांनी सुरू होतं, वरून जखम किरकोळ दिसते, आत रक्तातलं कॅल्शियम कमी होत असतं. कार्बन मोनॉक्साइडच्या पेशंटच्या बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर 98 दाखवतो आणि मेंदूला ऑक्सिजन पुरत नसतो. इथे टॅग एकदा लावून संपत नाही, त्याच माणसाकडे पुन्हापुन्हा जाऊन बघावं लागतं आणि हे काम शिफ्टभर पेशंटजवळ असते तीच करू शकते, म्हणजे नर्स.

खर्चाबद्दल एवढंच, की एका लेक्चरने हे येत नाही हे मलाही मान्य आहे. जाड ग्लोव्हज आणि सूट घालून नाडी लागत नाही, आवाज पोचत नाही, सलाइन लावायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, घामाने मास्कच्या काचेवर वाफ धरते. त्यामुळे सूट घालूनच ड्रिल घ्या, आणि नाइट ड्युटीच्या स्टाफलाही घ्या, कारण भोपाळमध्ये 1984 ला गॅस सुटला तो 2 डिसेंबरच्या रात्री उशिरा.