महिना झाला म्हणजे रिसर्च पेपर रिजेक्ट? कुणी सांगितलं?

काल रात्री धाकट्या बहिणीचा फोन, आवाज रडवेला, "ताई, पेपर मागे घेते गं." जर्नलला, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाला, सबमिट करून झालेत फक्त 46 दिवस. मेल लिहून तयार होता, नुसतं सेंड दाबायचं राहिलं होतं. कारण पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज: चांगलं जर्नल पंधरा दिवसांत निर्णय देतं, महिना उलटला की रिजेक्ट समजा, आणि वेळ वाचवायला एकच पेपर तीन जर्नल्सना पाठवा.

पंधरा दिवस कुठून आणले? ह्युइसमन आणि स्मिट्स या संशोधकांनी लेखकांचे साडेतीन हजार अनुभव तपासून 2017 मध्ये 'सायंटोमेट्रिक्स' या जर्नलमध्ये आकडे दिलेत. रिव्ह्यूची, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेण्याची, पहिली फेरीच सरासरी 13 आठवडे चालते. मेडिकलमध्ये 8-9, अर्थशास्त्रात 18च्या आसपास. बहिणीचा विषय अर्थशास्त्र, म्हणजे तिचा अजून निम्मा वेळही गेलेला नाही!

महिना उलटला की रिजेक्ट, हे तर उलटंच आहे. एडिटरला पेपर नकोच असेल तर तो बहुतेक वेळा सुरुवातीलाच परत येतो, त्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. पुढे गेला की रिव्ह्यूअर शोधणं आलं, एक नाही म्हणतो, दुसरा उत्तरच देत नाही, तिसरा हो म्हणून मुदत वाढवून मागतो, आणि ही माणसं बहुतेक ठिकाणी हे काम फुकट, स्वतःची नोकरी सांभाळून करतात. काही जर्नल्स महिन्याभरात निर्णय देतात, हे खरंय, मान्य. पण म्हणून बाकीची बोगस ठरत नाहीत.

आणि तीन जर्नल्सचा सल्ला देणाऱ्याचा मला खरंच राग आलाय. सबमिट करतानाच आपण लिहून देतो की हा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही. मग तीन ठिकाणी पाठवणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. विषय छोटा असला की रिव्ह्यूअर तेच तेच असतात, एकाच माणसाकडे तोच पेपर दोन जर्नल्सकडून गेला की लगेच कळतं, मग दोन्हीकडून रिजेक्ट, वर गाइडला पत्र जाऊ शकतं. मेसेज पाठवणाऱ्याचं काय जातं? नाव खराब होणार ते नव्या पोरापोरींचं.

मेल डिलीट करायला लावलाय. चार महिने होऊनही स्टेटस 'अंडर रिव्ह्यू'च दिसलं, तर मॅन्युस्क्रिप्ट नंबर (जर्नलने पेपरला दिलेला) टाकून एडिटरला दोन ओळींत नीट विचार म्हटलं, आणि तोपर्यंत पुढच्या चॅप्टरला लाग.