'जाड माणसाला एमएनडी होत नाही': फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती?

ठाण्यात उपवन आणि तलावपाळीला सकाळी चालणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातली विधानं अशी: जाड माणसाला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे एमएनडी (स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) होत नाही, शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग बघा, किती बारीक होते, वजन घटवणारे हा आजार ओढवून घेतात, आणि आजार झालाच तर भरपूर तूप खाल्ल्याने तो थांबतो. यात एका खऱ्या संशोधनाचा धागा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

आधी हा धागा. 2013 साली अमेरिकेतल्या 11 लाखांहून अधिक लोकांच्या जुन्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. ज्यांचं वजन सुरुवातीला जास्त होतं, त्यांच्यात एएलएस हा एमएनडीचा मुख्य प्रकार सुमारे पाव हिश्शाने कमी आढळला. म्हणजे जाड लोकांनाही तो झाला, फक्त प्रमाण कमी होतं. आता हा पाव हिस्सा ठाण्याच्या आकड्यांत मांडून बघा. युरोपात दरवर्षी लाखात साधारण 2 जणांना हा आजार होतो, आपल्याकडे बहुधा त्याहून कमी. युरोपचाच दर धरला तरी 18 लाखांच्या शहरात वर्षाला 36 नवे रुग्ण. पाव हिस्सा कमी केला तर 27. तेही सगळं शहर जाड झालं आणि वजन हेच खरं कारण ठरलं तर! उलट मधुमेह देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना आहे, आणि वाढलेलं वजन त्याचं सिद्ध कारण आहे. एमएनडीच्या भीतीने वजन वाढवणं हा सरळ घाट्याचा व्यवहार आहे.

शिवाय वजन हेच कारण आहे का? पुढे ज्यांना एएलएस झाला त्यांचं वजन लक्षणांच्या जवळजवळ 10 वर्षं आधीपासून उतरू लागलेलं युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आजार छुपा असतानाच शरीर जास्त ऊर्जा जाळू लागतं, असं यातून वाटतं. अमेरिकेतल्या अभ्यासात, असे छुपे रुग्ण गळावेत म्हणून, सुरुवातीची काही वर्षं वगळूनही फरक टिकला होता. पण 10 वर्षांचा छुपा काळ असेल तर एवढी गाळणीही अपुरी पडते. दुसरी शक्यता अशी, की उपजतच ज्यांचं शरीर ऊर्जा जास्त जाळतं ते बारीकही राहतात आणि त्यांना धोकाही थोडा जास्त असतो. या दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी मुद्दाम चरबी चढवून संरक्षण मिळत नाही.

हॉकिंग यांचं उदाहरण तर उलटंच आहे. 1963 साली, 21 व्या वर्षी त्यांचं निदान झालं. फोटोत दिसतो तो बारीकपणा त्यानंतरचा. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात, मग स्नायू सुकतात.

वजन घटवण्याबद्दल. ठरवून, चालून आणि ताटातलं कमी करून घटवलेलं वजन वेगळं, आपोआप उतरणारं वेगळं. 165 सेंटीमीटर उंचीच्या 72 किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 26.4 येतो, भारतीयांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. त्याने 5 किलो उतरवावेतच. मात्र काहीही न करता सहा महिने ते वर्षभरात 5 टक्के, म्हणजे 70 किलोमागे साडेतीन किलो उतरले तर डॉक्टरांकडे जा. तिथेही आधी मधुमेह, थायरॉइड, टीबी, कॅन्सर तपासतात. एमएनडी यादीत फार खाली. त्याची खूण वेगळी असते: पायातून चप्पल निसटणं, शर्टाचं बटण लागेनासं होणं, बोलणं जड होणं. हे एका बाजूला सुरू होऊन पसरत जातं, आणि बधिरपणा सहसा नसतो. असं असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

शेवटचं विधान सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धं बरोबर आहे. निदानानंतर वजन उतरणं खरोखरच वाईट. ते जितकं घसरतं तितकं आयुष्य कमी होतं. पण तुपाने आजार थांबत नाही. जर्मनीत 201 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज 405 कॅलरी जादा स्निग्ध पेय दिलं, तरी एकूण रुग्णांच्या आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. म्हणून ध्येय आहे ते वजन टिकवण्याचं.

रुग्णासाठी साधारण हिशेब रोज किलोला 30 कॅलरी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1800. पण त्याला जेवायला तास लागतो, हात दमतो, पाण्याचा ठसका लागतो, म्हणून पोट अर्धंच भरतं. मऊ खिचडीत मोठा चमचाभर म्हणजे 15 ग्रॅम तूप घातलं की 135 कॅलरी वाढतात. दूध पावडर आणि शेंगदाण्याचा बारीक कूटही चालतो. मधुमेह असेल तर हे डॉक्टरांना विचारून. पातळ आणि कुरकुरीत एकत्र असलेलं टाळा: ठाणेकरांची लाडकी मिसळ, आमटीत मोकळा भात. रस्सा आधी घशात उतरतो, फरसाण मागे राहतं आणि ठसका बसतो. पाणी, चहा किती दाट करायचा हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या.

दर आठवड्याला रुग्णाचं वजन करा. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरसकट मोजून खुर्चीचं वजन वजा करा. मूळ वजनाच्या 10 टक्के उतरण्याची वाट न पाहता अन्न थेट पोटात देण्यासाठी बसवायच्या पेग नळीचं बोलणं सुरू करा, कारण फुप्फुसांची क्षमता 50 टक्क्यांखाली गेल्यावर ती बसवणं जोखमीचं होतं.