जाड पाते म्हणजे दणकट चाकू नव्हे

कॅम्पिंगसाठी आणि रानातल्या कामांसाठी चाकू कोणता घ्यावा, याविषयीचा एक सल्ला अनेक ठिकाणी जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: पाते किमान सहा मिलिमीटर जाड हवे, पोलादाच्या कठीणपणाचा आकडा ६० च्या खाली असेल तर तो चाकू खेळण्यातला समजावा, स्टेनलेस पोलाद ठिसूळ असते, म्हणून ते नकोच, फुल टँग नसलेला, म्हणजे पात्याचे पोलाद मुठीत शेवटपर्यंत न गेलेला, चाकू पहिल्याच दणक्याला मोडतो, पाठीवर करवतीचे दाते असतील तर उत्तमच, आणि असा एक चाकू कमरेला असला की कुऱ्हाड आणि करवत घरी ठेवायला हरकत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात तथ्याचा एक कण आहे, आणि त्या कणाच्या जोरावरच बाकीचा सल्ला खपून जातो. मी स्वतः हाच सल्ला प्रमाण मानून एक सात मिलिमीटर जाडीचा चाकू घेतला होता आणि दोन वर्षे वापरला, त्यामुळे हा प्रतिवाद काही अंशी माझ्या स्वतःच्याच जुन्या मताचा आहे.

आधी जाडीचे पाहू. लांबी आणि रुंदी तीच ठेवून पात्याची जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा त्याचा विरोध दुप्पट नव्हे, आठपट होतो. हे गणित बरोबर आहे, पण ते पहारीचे गणित आहे. चाकूने जी कामे दिवसभर करावी लागतात, म्हणजे दोरी कापणे, तंबूसाठी खुंट्या तासणे, ढलप्या काढणे, भाजी चिरणे, त्यांपैकी एकातही पाते वाकवायचे नसते. ते पदार्थात शिरायला हवे असते. शिरणे अवलंबून असते ते धारेच्या लगेच मागे पाते किती पातळ आहे आणि तिथून पाठीपर्यंत त्याचा उतार किती सौम्य आहे यावर. माझ्या त्या चाकूने बटाटा कापायला घेतला की धार तर आत जाई, पण अर्ध्यावर पोचण्याआधीच बटाटा ‘कट्’ असा आवाज करून फुटत असे आणि वरचा तुकडा उडून पलीकडे पडत असे; खालच्या फोडीवर अर्धा भाग गुळगुळीत आणि अर्धा खडबडीत, अशी रेघ स्पष्ट दिसे. म्हणजे चाकूने निम्मा बटाटा कापला होता आणि उरलेला पाचरीने फोडला होता. खुंटी तासतानाही हेच घडे. पाते लाकडात घुसण्याऐवजी वर सरके, ते खाली दाबून धरण्यासाठी मनगटावर जोर द्यावा लागे, आणि जोर लावून चालवलेला चाकू सटकला की कुठे जाईल हे सांगता येत नाही.

जाड पात्याचा खरा फायदा एकच, आणि तो मान्य करायला हवा. पाते उभ्या ओंडक्यावर टेकवून त्याच्या पाठीवर सोट्याने ठोकत लाकूड फोडायचे असेल, तर जाड पाठ पाचरीसारखी भेग रुंदावते. पण मनगटाएवढे, गाठी नसलेले, सुके लाकूड साडेतीन-चार मिलिमीटरचे पातेही सहज फोडते. त्या कामात जाडीपेक्षा लांबीचा प्रश्न आधी येतो, कारण ठोकण्यासाठी पात्याचे टोक लाकडाच्या पलीकडे चार-पाच सेंटिमीटर बाहेर राहावे लागते. दहा सेंटिमीटर व्यासाचे लाकूड फोडायचे तर पाते साधारण पंधरा सेंटिमीटर हवे, मग त्याची जाडी काहीही असो.

कठीणपणाच्या आकड्याविषयीचा गैरसमज याहून धोक्याचा आहे. रॉकवेल ‘सी’ मापनात हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल रुतला ते पाहतात, खोली ०.००२ मिलिमीटरने वाढली की आकडा एकाने उतरतो. म्हणजे हा आकडा एवढेच सांगतो की दाबल्यावर पोलाद किती कमी रुतते. आघात बसल्यावर ते तग धरेल की त्याचा टवका उडेल, याविषयी तो मौन बाळगतो. लोहार पाते लाल तापवून पाणी देतो, तेव्हा साध्या कार्बन पोलादाचा आकडा ६५ च्या आसपास जातो, आणि त्या अवस्थेत ते पाते दगडावर पडले तर काचेसारखे फुटू शकते. म्हणूनच ते पुन्हा दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर तापवून मुद्दाम थोडे नरम करतात. कठीणपणा थोडा सोडून चिवटपणा मिळवण्याचा हा व्यवहार आहे, आणि हत्याराचे काम जितके दणक्याचे तितका तो चिवटपणाच्या बाजूने झुकवावा लागतो. कानस ६४-६५ वर ठेवतात, कारण तिने कोणी घाव घालत नाही. कुऱ्हाडीचे पाते पन्नाशीच्या घरात ठेवतात, कारण तिने दुसरे काहीच करत नाहीत. ज्या चाकूवर सोट्याने ठोकायचे आहे, त्यासाठी ५६ ते ५८ हा आकडा कमी नसून योग्य आहे. याहून कठीण पात्याची धार जास्त दिवस टिकते हे खरे, पण गाठीवर आपटून धारेला दाते पडले तर ते घासून काढायला रानात अर्धा दिवस जातो. नरम पात्याची धार फार तर दुमडते, आणि ती दहा मिनिटांत सरळ होते.

स्टेनलेस पोलाद सरसकट ठिसूळ असते, हे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असावे लागते. त्याचा पृष्ठभागावर जो अतिशय पातळ ऑक्साइडचा थर बनतो, तो गंज रोखतो. ठिसूळपणा क्रोमियम आहे म्हणून येत नाही. कार्बन आणि क्रोमियम दोन्ही भरपूर असले की पोलादात कार्बाइडचे मोठे, कडक कण तयार होतात आणि भेग त्यांच्या आधाराने पसरते. सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असलेले ‘१२सी२७’ हे स्टेनलेस पोलाद अशा मोठ्या कणांपासून बरेच मुक्त असते आणि चांगले चिवट असते. याउलट ‘डी-२’ या पोलादात जवळपास दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकल्यामुळे ते पुरते स्टेनलेसही नसते आणि आघाताला कच्चे असते. गंमत म्हणजे ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकूंमध्ये ते सर्रास आढळते. कार्बन पोलादांतही असाच फरक आहे. स्प्रिंगसाठी वापरले जाणारे ‘५१६०’ हे पोलाद दणके सोसण्यात ‘१०९५’ या साध्या कार्बन पोलादाच्या बरेच पुढे आहे.

याच मुद्द्याला जोडून, स्टेनलेस चाकूने आग पेटवण्याची ठिणगी पडत नाही, असेही सांगितले जाते. गारगोटीवर घासून ठिणगी काढायची असेल तर ते खरे, कारण तिथे जळतो तो पोलादाचाच खरवडलेला कण. पण हल्ली बहुतेक जण फेरोसेरियम या खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या मिश्रधातूची कांडी वापरतात, आणि तिथे ठिणगी कांडीची असते. पात्याच्या पाठीची कड काटकोनात, तीक्ष्ण असली की पोलाद कोणतेही चालते. फुटलेल्या काचेच्या कडेनेही ती ठिणगी पडते.

फुल टँग म्हणजे पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीत शेवटपर्यंत गेलेले असणे. ही रचना भक्कम असते यात वाद नाही आणि इतर सर्व सारखे असेल तर मीही तीच निवडीन. पण ती नसली की चाकू मोडतोच, हे पारंपरिक हत्यारांकडे पाहता टिकत नाही. कित्येक खुकऱ्यांचे पाते मुठीत निमुळते होत गेलेले असते आणि त्यांनी लाकूड तोडण्यात पिढ्या घालवल्या आहेत. फिनलंडचा पुक्को हा पारंपरिक चाकूही तसाच. मोडणारे चाकू बहुधा पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर मोडतात, कारण तिथला आतला कोपरा गोलाई न देता काटकोनात कापलेला असतो आणि प्रत्येक दणक्याचा ताण त्याच एका बिंदूवर एकवटतो. विकत घेताना हा कोपरा मुठीखाली झाकलेला असतो, त्यामुळे जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

पाठीवरच्या करवतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खऱ्या करवतीचे दाते एकाआड एक डावीउजवीकडे वळवलेले असतात किंवा तिचे पाते दात्यांपेक्षा पातळ असते, म्हणून ती खाचेत अडकत नाही. चाकूच्या पाठीवरच्या दात्यांमागे मात्र त्यांच्याएवढेच किंवा त्यांहून जाड पाते असते. ते बोटभर खोल गेले की रुतून बसते. वर त्या दात्यांमुळे पाठीवर ठोकता येत नाही आणि ठिणगीसाठी लागणारी सरळ कडही जाते.

राहिला एकाच हत्याराचा आग्रह. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती आणि गारगोटीचा एक लहानसा सुराही होता. डोंगर चढताना वजनाची चिंता त्यालाही असणारच, तरी त्याने दोन्ही बरोबर घेतली होती. आजचा हिशेब तर आणखी सोपा आहे. पंचवीस सेंटिमीटर लांब आणि सहा-सात मिलिमीटर जाड पात्याचा चाकू म्यानाशिवायच सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पंधरा सेंटिमीटरचा, चार मिलिमीटर जाडीचा चाकू अडीचशे ग्रॅमच्या आत बसतो, आणि मनगटाएवढी फांदी मिनिटभरात कापणारी घडीची करवत साधारण दोनशे ग्रॅमची असते. जे वजन वाचते, त्यात धार लावायचा दगड येतो.