साहेबांसाठी भरीत

खानदेशात पाहुणा येण्याचे संकट कोणाला वाटत नाही. संकट असते ते त्या पाहुण्याच्या निमित्ताने जमणाऱ्या आपल्याच माणसांचे. पाहुणा बिचारा समोर येईल ते जेवतो, हात धुतो आणि निघून जातो. पण त्याला काय वाढायचे, ते कोणी करायचे आणि ज्याने करायचे ठरले त्याला ते मुळात येते की नाही, या प्रश्नांवरून घरात जी युद्धे पेटतात त्यांच्या जखमा पुढच्या लग्नसराईपर्यंत भरत नाहीत. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातील मुख्य आचारी यावल तालुक्यातील आमच्या 3 एकरांच्या शेतात भरीत खाऊन गेले, तेव्हापासून हे विधान मी अधिकारवाणीने करू शकतो.

माझा पुतण्या त्यांच्या हाताखाली काम करतो. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला गावाकडचे जेवण जसे आठवते तसे ते प्रत्यक्षात कोणत्याच गावात नसते. पण त्याने ते इतक्या वेळा आणि इतक्या रसाळपणे वर्णन केले असावे, की अखेर साहेबांनीच ‘एकदा दाखव तरी’ असे म्हटले. त्यांना गणपतीनंतर लगेच यायचे होते. काकूंनी फोनवरच नकार कळवला. चातुर्मासात आमच्या घरात वांगे शिजत नाही. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पुन्हा ताटात येते. साहेबांना यात धर्म दिसला, पण त्यात शेतीचे शहाणपणही आहे, कारण भरताचे खरे वांगे थंडी पडल्यावरच हाती लागते. डिसेंबरातला एक रविवार ठरला.

पुतण्याने ही बातमी फक्त घरात सांगितली होती. परंतु आमच्याकडे भरताचे आमंत्रण द्यावे लागत नाही. ‘शेतात भरीत आहे’ एवढे वाक्य गावातल्या पानटपरीवर कोणी सहज उच्चारले, तरी ऐकणारा स्वतःला निमंत्रित समजतो आणि येताना मेहुण्याला घेऊन येतो. 12 माणसांचा बेत आठवडाभरात 60 वर गेला. त्यात पतपेढीचे माजी अध्यक्ष होते, सरपंच होते आणि ज्यांचे आमच्याशी नाते नेमके काय हे विचारण्याची कोणाची हिंमत नव्हती असे दोन वृद्ध गृहस्थही होते.

या टप्प्यावर मी नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, एवढ्या माणसांचे झेपेल का असे विचारले. नानांनी मला फैजपूरची आठवण करून दिली. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गवतासारख्या साध्या साहित्यातून मंडप सजवला होता. ‘ज्या मुलखाने अख्खी काँग्रेस जेवू घातली, त्याला एक आचारी जड जाईल का?’ हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्याचा तात्काळ परिणाम एवढाच झाला, की माझ्या चुलतभावात नंदलाल बोस संचारले आणि त्याने बांधावर केळीच्या खांबांची एक कमान उभारली, जिच्याखालून ट्रॅक्टर जात नसल्यामुळे सर्व सामान डोक्यावरून न्यावे लागले.

खरा संघर्ष वांग्यावरून झाला. आमच्या भागातले भरताचे वांगे हिरवट पांढरे, लांबट, अंगाने भरदार आणि बियांनी कमी असते. बाहेरचा माणूस जांभळे वांगे भाजून त्याला भरीत म्हणतो तेव्हा आम्ही वाद घालत नाही, फक्त एकमेकांकडे पाहतो. आता हे वांगे कुठले उत्तम, याला दोन उत्तरे आहेत. माझे मामा बामणोदचे असल्यामुळे बामणोद हे पहिले. काकूंचे माहेर असोद्याचे असल्यामुळे, आणि नानांना घरात राहायचे असल्यामुळे, असोदा हे दुसरे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले. मामांच्या मते ते मानांकन वस्तुतः बामणोदलाच मिळालेले आहे आणि वर ‘जळगाव’ हे नाव केवळ टपालाच्या सोयीसाठी घातलेले आहे. नाना म्हणाले, की असोदा जळगावच्या अधिक जवळ असल्यामुळे मानांकनही त्याच्याच अधिक जवळ आहे. शेवटी दोन्हीकडून 20-20 किलो वांगी आली, दोन वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवण्यात आली आणि रात्री त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून एक विश्वासू गडी तिथे झोपवण्यात आला.

शेतातले भरीत पुरुष करतात. ज्यांना स्वतःच्या घरात साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हे माहीत नसते, ते सर्वजण बाह्या सरसावून वांग्याला टोचे किती मारावेत यावर मौलिक मते मांडतात. सुरीने टोचे मारून तेलाचा हात फिरवल्याशिवाय वांगे आगीत टाकू नये, नाही तर ते फुटते, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. त्यानंतर ते राहत नाही. मामांना जाळ कपाशीच्या काड्यांचा हवा होता, कारण तो भसकन पेटतो, वांग्याची साल करपवतो आणि गराला धुराचा वास देऊन वेळेवर विझतो. नानांना तुराट्या हव्या होत्या. मागच्या हंगामातल्या दोन्हींच्या पेंढ्या बांधावर रचलेल्या असल्यामुळे टंचाईच्या कारणाने तरी तडजोड होईल, ही माझी आशा फोल ठरली. दोन जाळ झाले. दोन काठवटी आल्या, दोन लाकडी मुसळी आल्या. धुळ्याकडून आलेले आमचे दाजी दोन्ही जाळांमधून तटस्थपणे फिरत होते आणि दोन्हीकडे चव घेऊन तेच सांगत होते, ‘मिरची कमी शे, भाऊ.’ परिणामी दोन्हीकडे मिरची वाढत गेली.

माझ्यावर जे काम आले ते वरकरणी मानाचे होते. साहेबांना भुसावळ स्टेशनवरून घेऊन यायचे आणि जेवण होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहायचे. त्यामागचा हेतू मला उशिरा कळला. कोणत्याही एका पक्षाला साहेबांच्या कानाशी लागू द्यायचे नाही, यासाठी दोन्ही पक्षांना मान्य होणारा आणि भरीत करता येत नाही याबद्दल दोन्ही पक्षांची खात्री असलेला माणूस हवा होता.

गाडी अर्थातच उशिरा आली. साहेब उतरले ते पाहून मला किंचित निराशा वाटली. दूरचित्रवाणीवर पाहून आचाऱ्याची जी प्रतिमा झालेली असते त्यात उंच पांढरी टोपी आणि कपाळावर आठ्या असतात. हे तर मृदू बोलणारे, मध्यम बांध्याचे, चप्पल घातलेले गृहस्थ निघाले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न ‘सगळे जेवायचे थांबलेत का माझ्यासाठी?’ असा विचारला. कमानीखालून जाताना ते नम्रपणे वाकले, त्यामुळे माझा चुलतभाऊ आजही त्यांना थोर माणूस मानतो.

पुढे त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि सरपंचांचे भाषण यांतून खानदेशात अद्याप कोणी सुटलेले नाही. सरपंचांनी तापी नदी, सातपुडा, केळीचे भाव आणि शेतीपंपाची वीज असा विस्तृत आढावा घेतला. विजेवर ते बोलत असतानाच साहेबांनी हात धुण्यासाठी पाणी मागितले. त्या आठवड्यात शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीची होती, त्यामुळे विहिरीत पाणी आणि नळात हवा अशी स्थिती होती. गड्याने बादलीभर पाणी शेंदून आणले. सरपंचांनी तो प्रसंग तत्काळ भाषणात पुरावा म्हणून वापरला.

साहेबांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि ते नानांच्या जाळाजवळ गेले. खानदेशी स्वयंपाकाच्या इतिहासात वही प्रथमच आगीच्या इतकी जवळ गेली असेल. हिरवी मिरची आणि लसूण तेलात परतून किती घेता, असे त्यांनी विचारले. नाना म्हणाले, ‘अंदाजाने.’ शेंगदाणे? ‘दिसतील इतके.’ सुक्या खोबऱ्याचे काप? ‘हात सैल असेल तसे.’ कांद्याची पात आणि कोथिंबीर यांच्याविषयी नानांनी नुसतेच आकाशाकडे पाहिले. साहेबांनी हे सर्व प्रामाणिकपणे लिहून घेतले. मग ते मामांकडे वळले आणि त्यांनी अभ्यासू कुतूहलाने विचारले, की यात टोमॅटो कधी घालतात. मामांच्या हातातली मुसळी हवेत थांबली. आजूबाजूच्या सात-आठ जणांनी बोलणे बंद केले. ‘साहेब,’ मामा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, ‘टोमॅटो घातला की तिला भाजी म्हणतात.’ नानांनी पलीकडच्या जाळावरून मान डोलावली. त्या दिवसातला दोन्ही पक्षांच्या सहमतीचा हा एकमेव क्षण होता आणि तो मी डोळे भरून पाहून घेतला.

पंगत केळीच्या बागेच्या सावलीत बसली. केळीच्या पानावर उजवीकडे मामांचे भरीत आणि डावीकडे नानांचे, मध्ये कळण्याची पुरी, कडेला मुळा, पातीचा कांदा आणि भाजलेली बिबडी, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. वाढताना डावे-उजवे कोणी ठरवले यावरही थोडा वाद झाला, पण तो मी इथे देत नाही. आग्रह सुरू झाला. खानदेशी आग्रहाचे वैशिष्ट्य असे, की पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तर तो संमतीचा समजतात, आणि हात न धरला तर गृहीतच धरतात. मामा एका बाजूने ‘साहेब, एवढे घ्याच’ म्हणत होते, नाना दुसऱ्या बाजूने ‘साहेब, ते राहू द्या, हे घ्या’ म्हणत होते आणि मध्ये बसलेल्या माझ्या पानावर दोघांच्याही हातून सांडणारे भरीत साचत चालले होते. दाजींच्या सल्ल्याने वाढलेली मिरची साहेबांना काही बोलली नाही. ते शांतपणे जेवत राहिले. डोळ्यांतून पाणी आले ते दाजींच्या, आणि त्यांनी त्याचा दोष धुराला दिला.

जेवण आटोपल्यावर सर्वजण साहेबांभोवती गोळा झाले. निकालाची वेळ आली होती. नानांनी पंच्याने हात पुसले, मामांनी घसा साफ केला. साहेबांनी कढईजवळ बसलेल्या काकूंकडे पाहिले आणि ते म्हणाले, ‘मावशी, अशी पुरी मी आयुष्यात खाल्ली नाही. हे पीठ कसे करता?’

दिवसभर मागच्या चुलीवर बसून 60 माणसांच्या पुऱ्या लाटणाऱ्या आणि तळणाऱ्या बायकांकडे तोपर्यंत कोणाचेही लक्ष गेले नव्हते. मी धरून. काकूंनी झारा बाजूला ठेवला आणि एका दमात सांगितले, ‘चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालासकट उडीद, मीठ दळतानाच टाकायचं. पीठ भिजवून तासन्‌तास ठेवायचं नाही, पुरी जाड लाटायची नाही.’ साहेबांची पेन्सिल भराभर चालू लागली. इतक्या वेळात ज्या पानावर ‘अंदाजाने’, ‘दिसतील इतके’ आणि ‘हात सैल असेल तसे’ एवढेच लिहिले गेले होते, त्या पानावर पहिला आकडा पडला. नाना म्हणाले, की पुरी चांगली लागली ती बरोबरच्या भरितामुळे. मामा म्हणाले, की हे खरे आहे, पण उजवीकडच्या. काकू म्हणाल्या, ‘भांडी घासायला कोण बसणार आहे ते आधी ठरवा,’ आणि तिथून पुरुष पांगले.

साहेब संध्याकाळच्या गाडीने परतले. त्यांच्याबरोबर दोन्ही गावच्या वांग्यांच्या पिशव्या, केळीची एक फणी, बिबड्यांचा पुडा आणि काकूंनी दिलेले कळण्याचे पीठ गेले. आता सर्व शांत होईल असे मला वाटत होते, तेवढ्यात पंधरवड्याने पुतण्याच्या फोनवरून त्यांचा निरोप आला. पुरी हॉटेलात उत्तम जमली होती आणि सर्वांनी वाखाणली होती. भरिताचा प्रयोगही त्यांनी केला. त्यासाठी गावाकडून मुद्दाम कपाशीच्या काड्या मागवल्या होत्या. त्यांचा जाळ केल्याबरोबर छतातली धुराची घंटा वाजली आणि वरच्या मजल्यांवरची परदेशी मंडळी टॉवेल गुंडाळून जिन्याने खाली आली. तरी धुराशिवाय हे भरीत करण्याचा काही मार्ग असल्यास मामांनी किंवा नानांनी कृपया कळवावे, असे त्यांनी विचारले होते.

मी निरोप दोघांना वाचून दाखवला. दोघेही एकाच वेळी ‘नाही’ म्हणाले. ते साहेबांना कोणी कळवायचे आणि सहीत पहिले नाव कोणाचे असावे, यावर मात्र अद्याप एकमत झालेले नसल्यामुळे उत्तर गेलेले नाही. आणि काकूंनी आपल्या फोनवरून परस्पर पाठवलेल्या रोडग्याच्या कृतीबद्दल मी दोघांनाही काही बोललेलो नाही.